आपलीच तेवढी उतरवली

हळूमास्तरांच्या उजव्या पायाला स्वतःची अक्कल होती, आणि ती मास्तरांच्या ताब्यात नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकाऊ माणूस खांबाच्या, भिंतीच्या किंवा एखाद्या बिचाऱ्या पोस्टमनच्या दिशेने निघाला की तो दाबायचा. मास्तरांनी तो इतकी वर्षं दाबला होता की आता गाडी नसली तरी पाय दाबायचाच. न्हाव्याचा वस्तरा कानाजवळ आला की दाबायचा. जावई जेवताना भरभर बोलायला लागला की टेबलाखाली दाबायचा.

"अहो, तो जावई आहे," बायको म्हणायची. "त्याला ब्रेक नाही. मी शोधून पाहिलाय."

दिवसभर 'हळू... हळू...' म्हणत राहायचे म्हणून गावाने त्यांना हळूमास्तर करून टाकलं होतं. माणूस मात्र आतून मुळीच हळू नव्हता. एका जागी बसले तरी चष्मा पूस, किल्ल्या मोज, खिशातून रुमाल काढ, परत ठेव. कुणी म्हणालं, मास्तर शांत बसा, तर त्यांना शांत कसं बसायचं याचीच काळजी लागायची.

काही वर्षांपूर्वी याच माणसाला एका सकाळी गाडीतून उतरता येईना. उतरता येईना, आणि 'गाडी चालू कर' म्हणायलाही तोंडातून शब्द फुटेना. शेजारी शिकायला आलेली कॉलेजातली मुलगी 'सर, चला ना' म्हणून थकली. शेवटी तिनेच गाडी चालवत त्यांना घरी पोचवलं. तिच्याकडे पक्का परवाना नव्हता, रिव्हर्स तर अजिबात येत नव्हता, म्हणून ती घराला तीन गल्ल्यांचा वळसा घालून समोरून आली. त्यानंतर इस्पितळ, गोळ्या, भिंतीकडे तोंड करून काढलेले महिने. कुणी भेटायला आलं की मास्तर झोपेचं सोंग घ्यायचे, आणि सोंग घेता घेता खरंच झोपायचे. तेवढीच काय ती झोप.

तिथून बाहेर येताना त्यांना गट सापडला. दर बुधवारी संध्याकाळी, चित्रकलेच्या क्लासच्या खोलीत, पहिल्या मजल्यावर. रंगाचे डाग पडलेली स्टुलं गोल मांडायची आणि बसायचं. डॉक्टर कुणी नाही. सगळे आपल्याच मनाच्या तडाख्यातून गेलेले, काही अजून जात असलेले. मास्तर पहिले कितीतरी बुधवार नुसते बसले. कुणी त्यांना 'बोला' म्हणालं नाही, याचंच त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की एक दिवस ते बोलले. पुढे गट चालवणाऱ्या निवृत्त नर्सबाई मुलाकडे राहायला गेल्या आणि जाताना खोलीची किल्ली मास्तरांच्या हातात ठेवून गेल्या. सोबतीला काकू. काकू म्हणजे बायकांचे कपडे शिवणाऱ्या, गळ्यात मोजायची टेप कायम. ती त्या झोपतानाही काढत नसाव्यात.

मास्तर गट चालवायला लागले, आणि पायाने इथेही घोळ घातला. कुणाचे डोळे भरून आले की पाय स्टुलाच्या दांडीवर दाबला जायचा आणि तोंडातून निघायचं, "अहो, होईल सगळं नीट." काकू खोकायच्या. काकूंना खोकला नव्हता. तो मास्तरांसाठी होता.

"रडणारा माणूस खांबावर चाललेला नसतो, मास्तर," त्या नंतर म्हणायच्या. "त्याला जाऊ द्या ना जिथे जातोय तिथे."

दर बुधवारी सुरुवातीला मास्तर नियम म्हणून दाखवायचे. इथलं इथेच राहील. कुणी कुणाला सल्ला देणार नाही. खोलीत सगळे एकमेकांना 'तुम्ही' म्हणतील. बोलायचं किती हे ज्याचं त्याने ठरवायचं. आणि शेवटचा: कुणाच्या जिवावर बेतणारं असेल तर आपण गप्प बसणार नाही, पण ज्याची गोष्ट आहे त्याला आधी सांगू, त्याला सोबत घेऊन जाऊ, पाठीमागून काही करणार नाही. हा शेवटचा नियम मास्तर जरा भरभर म्हणायचे. तो आजवर वापरायची वेळ आली नव्हती, आणि येऊ नये अशीच इच्छा होती.

त्या बुधवारी ती वेळ आली.

बसमामा शाळेची बस चालवायचा. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. मुलं मामा म्हणायची, म्हणून गटातही तो बसमामाच होता. एरवी दोन वाक्यांत आटपायचा. त्या दिवशी खाली फरशीकडे बघत बोलायला लागला.

"डॉक्टरांनी गोळी बदललीये. रात्री झोप येत नाही. सकाळी येते, नको तेव्हा." थांबला. "आज पुलाच्या वळणावर मागून पोरं ओरडली. मामा, मामा! बघतो तर सगळी बस उजव्या बाजूला. समोरचा ट्रकवाला थांबला म्हणून. झोपलो नव्हतो हो मी. डोळे उघडे होते. पण मी नव्हतो तिथे."

मास्तरांचा पाय दांडीवर इतक्या जोरात दाबला गेला की स्टूल करकरलं.

"बसच्या मालकिणीला सांगितलं तर गाडी काढून घेईल," बसमामा म्हणाला. "आणि घरी बसलो की मी कुठे जातो ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी पोरं मामा म्हणून हाक मारतात म्हणून तर मी अंघोळ करतो." मग त्याला रडू आलं आणि त्याने मनगटाने तोंड झाकलं.

आता मास्तरांनी म्हणायला हवं होतं, की तुम्ही जरा थांबा, हे शेवटच्या नियमातलं आहे, आपण मिळून ठरवू. शब्द ओठांवर आलेही होते. पण तेवढ्यात रेडिओ सुरू झाला. रेडिओ म्हणजे एक निवृत्त कारकून, जे एकदा बोलायला लागले की बातम्या, हवामान, सगळं संपल्याशिवाय बंद होत नसत. त्यांनी स्वतःच्या झोपेचा विषय काढला, आणि मास्तरांना, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. वेळ संपली. मास्तरांनी नेहमीसारखे सगळ्यांचे आभार मानले. बसमामा सगळ्यांच्या आधी जिना उतरून गेला.

स्टुलं एकावर एक ठेवताना काकू म्हणाल्या, "मास्तर, हे सोडून द्यायचं नाही. आजच फोन करा त्यांना."

"करतो ना."

"आज म्हणजे आज."

"काकू, करतो म्हटलं ना! आणि आपला नियम आहे, सल्ला द्यायचा नाही."

"हा सल्ला नाही. हा शेवटचा नियम आहे, आणि तुम्ही सल्ल्याच्या नियमाआड लपताय."

हे मास्तरांना लागलं. लागलं म्हणजे ते घरी पोचेपर्यंत काकूंशी मनातल्या मनात भांडत राहिले, आणि प्रत्येक वेळी काकूच जिंकल्या. घरी आल्यावर त्यांनी फोन हातात घेतला, ठेवला, चष्मा पुसला, परत घेतला. माणूस नुकता रडून गेलाय, लगेच काय छळायचं. सकाळी करू. सकाळी तो गाडीवर असेल. मग दुपारी. पण सकाळीच तर... हा विचार तिथपर्यंत यायचा आणि मास्तर उठून पाणी प्यायचे. इतकं पाणी प्यायले की बायकोने विचारलं, "अहो, साखर तपासायची का?"

कारण तिसऱ्या स्टॉपवर त्याच बसमध्ये छोटी चढायची. मास्तरांची नात. खिडकीजवळची जागा, दप्तर मांडीवर.

तेवढ्यात मुलीचाच फोन आला. छोटीचे बूट तुमच्याकडे राहिलेत का, एवढंच विचारायला.

"आहेत," मास्तर म्हणाले. "आणि ऐक, उद्या छोटीला मी सोडतो शाळेत. गाडीने."

"का?"

"असंच."

"बाबा, तुम्ही असंच कधी शिंकतसुद्धा नाही. काय झालं?"

"काही नाही गं. नातीला सोडावंसं वाटलं, तर गुन्हा आहे का?"

"त्या 'शिकाऊ' पाटीच्या गाडीतून? मागच्या वेळी रडून घर डोक्यावर घेतलं होतं तिने, मैत्रिणी हसल्या म्हणून." मग मुलगी थांबली. मुलगी बापापेक्षा हुशार होती, आणि बापाला ते कळायला नेहमी उशीर व्हायचा. "आज बुधवार ना? बसवाला येतो का तुमच्या त्या गटात?"

मास्तर गप्प राहिले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नाव घेतलं नाही, गोष्ट सांगितली नाही, नियम पाळला, असं त्यांना वाटलं. पण ती शांतता इतकी लांबली की तिच्यात एक आख्खी बस मावली असती.

"ठीक आहे," मुलगी हळूच म्हणाली. "कळलं."

सकाळी छोटी तोंड फुगवून मागच्या सीटवर खाली सरकून बसली, कुणाला दिसू नये म्हणून. मास्तर शाळेच्या फाटकाशी पोचले तर तिथे ही गर्दी. स्कूटरवरून पोरं आणलेले बाप, रिक्षातून उतरणाऱ्या आया, एक आजी तर चालत आलेली, धापा टाकत. एरवी यातली बरीचशी पोरं बसने यायची. मुलीने फक्त एका मैत्रिणीला सांगितलं होतं, जिचा मुलगा छोटीच्या शेजारी बसतो. फक्त तिलाच, शपथ घालून. मैत्रिणीने आपल्या बहिणीला. पुढे शपथेला वेळ कुणाला होता.

आणि मग बस आली. जवळजवळ रिकामी. मागच्या बाकावर चार-पाच पोरं, ज्यांच्या घरी फोन पोचला नव्हता किंवा सोडायला कुणी नव्हतं.

बसमामा खाली उतरला. फाटकाशी उभे असलेले लोक आपोआप दोन पावलं मागे सरले. त्याने त्यांच्याकडे बघितलं, रिकाम्या बसकडे बघितलं, आणि मग लाल पाटीच्या गाडीजवळ छोटीचं दप्तर हातात धरून उभ्या असलेल्या मास्तरांकडे. त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही.

मास्तर दोन पावलं पुढे आले. "मी कुणाला काही सांगितलं नाही," ते म्हणाले. "नाव नाही घेतलं मी."

"नाही ना घेतलं," बसमामा म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "आपली तेवढी उतरवून घेतलीत. बाकीची माझ्याकडेच ठेवलीत."

मास्तर दप्तराचा पट्टा चाचपडत राहिले.

"मला भीती वाटत होती म्हणून तर बोललो काल. तुम्ही नुसतं म्हणायचं होतं, किल्ली द्या. मी दिली असती." तो पोरांना उतरवायला मागे वळला. शेवटचं पोर उतरताना "टाटा मामा" म्हणालं, आणि त्याने नेहमीसारखी त्याच्या टोपीवर टिचकी मारली.

लोक बघत होते. मास्तरांना वाटलं, छोटीला आत सोडावं आणि गाडी काढावी, सरळ निघून जावं. पाय तिकडे वळलाही. पण दुपारी ही बस परत जाणार होती, याच वळणावरून, याच माणसाच्या हाती. छोटीला दप्तर देऊन त्यांनी आत पाठवलं आणि ते बसच्या दारापाशी गेले. पायरीवर हात ठेवला.

"दुपारची फेरी तुम्ही करायची नाही," ते म्हणाले. आवाज कापत होता, तसाच कापू दिला. "हे काल सांगायला हवं होतं. काल घाबरलो. आज तुमच्या तोंडावर सांगतोय. तुम्ही मालकिणीकडे जाणार असाल तर मी सोबत येतो. जाणार नसाल तर मी जाणार, तेही तुम्हाला सांगून. आजारपणातलं किती सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी एक शब्द जास्त बोलणार नाही."

"आता मेहेरबानी करताय?"

"नाही. ती वेळ गेली."

बसमामा आत चढला आणि त्याने स्टिअरिंगवर हात ठेवला. मग त्याने किल्ली काढली. ती मास्तरांना दिली नाही. स्वतःच्या खिशात टाकली आणि म्हणाला, "चला."

मालकीणबाईंची शेड दोन गल्ल्या सोडून होती. बाई टायर तपासत उकिडव्या बसल्या होत्या, हात काळे, कानाला फोन. तो त्यांनी यांना बघून ठेवला नाही, नुसता बाजूला केला.

"सकाळपासून हा वाजतोय," त्या म्हणाल्या. "कुणी म्हणतं दारू, कुणी म्हणतं फिट, एकजण तर म्हणाली बसला ब्रेक नाहीत. काय ते तू सांग."

बसमामाने मास्तरांकडे पाहिलं नाही. "औषध बदललंय माझं. मनाचं औषध. सकाळी गुंगी असते. काल पुलावर गाडी चुकीच्या बाजूला गेली. नीट होईपर्यंत गाडी नको."

बाईंनी टायरवर हात आपटला. "आणि काल का नाही सांगितलंस?"

"तुम्ही काढून टाकाल म्हणून."

"काढीनही! आत्ता सांगत नाही." मग मास्तरांकडे वळल्या. "हे कोण? डॉक्टर?"

"ड्रायव्हिंग शिकवतो मी," मास्तर म्हणाले.

"मग याच्या वतीने बोलायचं काही आहे का तुम्हाला?"

मास्तरांकडे बोलायला पुष्कळ होतं. माणूस किती चांगला आहे, दारूचा थेंब शिवत नाही, पोरांवर किती जीव आहे, शिवाय सगळा दोष आपला आहे. हे सगळं घशापर्यंत आलं. "नाही," ते म्हणाले. "त्यांनी सांगितलं तेवढंच."

"दुपारी मी चालवते," बाई उठत म्हणाल्या. "या शहरात सिग्नल नव्हते तेव्हापासून चालवतेय. तू शेडमध्ये थांब, गाड्या धू. सकाळी वेळेवर यायचं, घरी बसायचं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं की पुढचं बघू. आयांना काय सांगायचं ते माझ्यावर सोड." त्यांनी काळा हात पुढे केला. बसमामाने किल्ली त्यावर ठेवली.

बाहेर आल्यावर मास्तर काहीतरी म्हणणार होते. बसमामा नळ सोडून बादली भरायला लागला होता, पाठ करून. मास्तर निघाले.

पुढचा आठवडा मास्तरांनी घरात काढला तो पिंजऱ्यातल्या पोपटासारखा, या दांडीवरून त्या दांडीवर. मुलीशी भांडण झालं. "तुमचा गट मोठा की तुमची नात मोठी?" ती म्हणाली. "नात," मास्तर म्हणाले, "पण बाकीच्यांना नाती नव्हत्या का?" ती रडली. काकूंकडे गेले, सगळं सांगितलं. काकूंनी शिवण थांबवली नाही. मशीन खाडखाड चालू ठेवूनच म्हणाल्या, "गटाला सांगावं लागेल. आणि ते सांगण्यासाठी आधी त्यांची परवानगी घ्यावी लागेल. परत चूक नको." मास्तर शेडमध्ये गेले. बसमामाने हो म्हटलं, तेही पाइपाने बस धूत, न थांबता.

बुधवारी मास्तरांनी खोलीची किल्ली काकूंच्या हातात दिली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. नियम काकूंनी म्हटले. मग मास्तर बोलले. सजवलं नाही, लपवलं नाही. भीती वाटली, फोन केला नाही, आपलं मूल वाचवलं, आणि गप्प राहून सगळं सांगून टाकलं. आजपासून गट काकू चालवतील. मी यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

रेडिओ बंद होता. खोलीत आल्यापासून बंद. आता ते उठले, छत्री शोधली. "मी इथे मुलाबद्दल बोललोय," ते म्हणाले. "बायकोला माहीत नाही ते बोललोय. आता ते कुठेकुठे असेल, मला काय ठाऊक." मास्तर "नाही हो" म्हणायला उठले, पण काकू खोकल्या, आणि मास्तर बसले. रेडिओ जिना उतरून गेले. त्यांच्या छत्रीच्या टोकाचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

नंतर दार परत उघडलं. बसमामा. हात साबणाने पांढरे पडलेले, बाह्या ओल्या. तो गोलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला.

"यायचं नव्हतं," तो म्हणाला. "पण आठवडाभर नुसत्या गाड्या धुतोय. धुतलेली परत धुतोय. बोलायचंय मला." थांबला. "मास्तर बाहेर थांबले तर बोलतो."

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मास्तरांकडे.

मास्तर उठले. दार ओढून घेतलं, जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिले. दार जुनं, फळी आक्रसलेली. आतला आवाज येत होता. शब्द नाही, नुसता चढउतार, मग एकदम थांबणं, मग कुणाचं तरी नाक ओढणं. आणखी अर्धं पाऊल मागे दाराकडे सरलं असतं तर शब्दही आले असते. रडतोय का? गोळीचं काय झालं? परत पुलाचं काही? मास्तर चार पायऱ्या उतरले. तरी आवाज येत होता. जिन्याच्या वळणावर गेले. तिथेही यायचा, एखादी हुंकारासारखी ओढ. शेवटी ते रस्त्यावर आले, पलीकडच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत गेले, जिथे पंप लावून कुणीतरी चाकात हवा भरत होतं आणि त्या फुसफुशीपुढे दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

फोन वाजला. मुलगी.

"बाबा, आला का तो आज?"

"कोण?"

"कोण काय? बसमामा. बरा आहे ना? छोटी रोज विचारते."

"ते मला विचारायचं नाही गं."

"अहो, मी काळजीने विचारतेय!"

"माहितीये," मास्तर म्हणाले. "मीही काळजीनेच केलं होतं."

मुलीने फोन ठेवला नाही. सायकलवाल्याने पंप बंद केला, तसे मास्तर फोन कानाला धरूनच आणखी दहा-बारा पावलं पुढे सरकले, वरची उजेडाची खिडकी दिसेल पण ऐकू काही येणार नाही इतके.